धम्मपाल हिवराळे यांच्या निधनानंतरच्या अडचणी

धम्मपाल हिवराळे वारले ते एका रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर. वारणं त्यांनी स्वखुशीनं पत्करलं होतं. वरच्या मजल्यावरची तनुजा पुण्याला सिनेमाचं शिकून आली होती आणि आता तिला स्वतःचा सिनेमा करायचा होता. सिनेमातल्या बाईचा नवरा गेलेला होता. त्या बाईचं काम हिवराळ्यांच्या बायकोनं, म्हणजे करुणानं करायचं ठरलं, आणि शूटिंगही हिवराळ्यांच्याच घरात. राहता राहिला भिंतीवरचा, हार घातलेला नवऱ्याचा फोटो. आता स्वतःच्या भिंतीवर परक्या माणसाचा फोटो आणि त्याच्यापुढं आपली बायको शोक करत बसलेली, हे कुठल्या गृहस्थाला बघवेल?

"माझाच लाव," हिवराळे म्हणाले, आणि मेव्हण्याच्या लग्नातला कोट घातलेला फोटो कपाटातून काढून आणला.

इथवर ठीक होतं. पण तनुजाला एका प्रसंगासाठी चौकात लावायचा श्रद्धांजलीचा फ्लेक्सही हवा होता. आपल्याकडं माणूस गेला हे चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय पक्कं होत नाही. त्यावर तिनं एक काल्पनिक नाव घातलं. हिवराळे पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. समोर आलेला मजकूर दुरुस्त केल्याशिवाय पुढं सरकवणं त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं.

"चेहरा माझा आणि नाव भलत्याचं? हे कागदोपत्री चूक आहे," ते म्हणाले. त्यांनी स्वतःचं नाव घातलं. 'कै.' खोडून 'कालकथित' केलं, कारण घर बौद्धांचं, कैलासाशी आपला काही संबंध नाही. 'शोकाकुल मित्रपरिवार'च्या आधी 'समस्त' टाकलं. मग चष्मा वर करून स्वतःच्या श्रद्धांजलीचं प्रूफ पुन्हा एकदा वाचलं आणि कोपऱ्यात सही केली. एवढा निर्दोष मसुदा त्यांच्या हातून नोकरीतही गेला नव्हता.

शूटिंगच्या दिवसांत मात्र हिवराळ्यांना घरात थांबता आलं नाही. त्यांना खोकल्याची सवय. आजार नव्हे, सवय. तनुजा म्हणाली, "काका, तुम्ही वारलेले आहात, आणि साउंडमध्ये खोकताय." तेव्हा मृतानं डबा घेऊन ऑफिसला जावं असं ठरलं. त्यामुळं आपल्यामागं घरात काय चाललं होतं हे त्यांना कळलं नाही. ते कळलं थेट औरंगपुऱ्यातल्या एका सभागृहात, सोसायटीच्या झाडून सगळ्या माणसांसोबत.

सिनेमाचं नाव 'पाणी येईपर्यंत'. आपल्या शहरात या नावाला गर्दी न जमती तरच नवल. निम्मे लोक कुठल्या भागाला कधी पाणी येणार ते समजेल म्हणून आले असावेत.

पडद्यावर करुणा. नुसती करुणा. ती खुर्चीत बसते. उठते. खिडकीपर्यंत जाते आणि कशाला आलो ते विसरल्यासारखी परत येते. हिवराळ्यांना वाटलं होतं, नवरा गेलाय म्हटल्यावर निदान एकदा ती पदर तोंडाशी धरील. फोटोकडं बघून दोन टिपं तरी गाळील. छे. फोटोकडं तिनं बघितलंही नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि डबे उघडू लागली. एक उघडला, बघितला, झाकण लावलं. दुसरा उघडला. साखर सापडेना. बिनसाखरेचा चहा कपात घेऊन ती उभी राहिली, तो प्याली नाही, आणि निवला तसा मोरीत ओतला. सावकाश, जसा पिंपळाच्या पानावरून थेंब उतरावा तसा हा सगळा सिनेमा उतरत होता. थेंब खाली पडतच नव्हता.

"हिवराळे साहेब," शेजारच्या खुर्चीतून सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत जाधव कुजबुजले, "वहिनींना स्वतःच्या घरातली साखर कशी सापडंना?"

"ते प्रतीक आहे," हिवराळे म्हणाले. कशाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण बायकोची बाजू घेणं भाग होतं.

शेवटी नळ आला. सूं सूं करून आधी हवा आली, मग धार लागली. सभागृहात एक सुखाचा सुस्कारा फिरला. करुणा उंबऱ्यात बसली होती. ती उठली नाही. बादली भरली, वाहू लागली. ती उठली नाही. पाणी मोरीतून बाहेर आलं, फरशीवर पसरलं, तिच्या पावलांपर्यंत आलं.

"अहो बाई, नळ बंद करा," मागून कुणी तरी ओरडलं. आठ-आठ दिवस पाण्याची वाट बघणारी माणसं ती. एक आजोबा काठी आपटत निघून गेले. दुसऱ्या बाजूला कॉलेजातल्या दोन मुली हमसून हमसून रडत होत्या. दिवे लागले तेव्हा सभागृहाचे उभे दोन तुकडे पडले होते. एक तुकडा म्हणत होता, असं काही आम्ही आजवर पाहिलं नाही. दुसराही तेच म्हणत होता, पण वेगळ्या सुरात.

प्रश्नोत्तरं झाली. रडणाऱ्या मुलींपैकी एकीनं माइक घेतला. "काकू, तुम्ही हे काम करताना कुणाला डोळ्यांपुढं आणलं होतं?"

करुणा उभी राहिली. जरा लाजली. म्हणाली, "एक माणूस आहे," आणि खाली बसली.

त्या क्षणापासून हिवराळ्यांना खऱ्या अर्थानं मरण आलं.

एक माणूस. कोण? आपण नव्हे, हे उघड. आपल्या फोटोकडं तर तिनं ढुंकून बघितलं नाही. आणि आपण जिवंत. रोज दुपारी तिनं भरलेला डबा खातोय. जिवंत माणसाचं दुःख कुणी कशाला करील? म्हणजे ज्याच्यासाठी ती पाण्याचा नळ विसरली, तो कुणी वेगळाच. या शहरातली बाई पाण्याचा नळ विसरते, म्हणजे प्रकरण साधं नाही.

घरी येताना स्कूटरवर त्यांनी विचारून बघितलं. "तुमच्या फर्दापूरचा तो सांडू काय करतो गं सध्या?"

"कोण सांडू?"

"लेण्यांवर गाइड होता ना. जपानी बोलायचा."

"मला काय माहीत. का हो? तुम्हाला जपानी शिकायचीय?"

हे उत्तर हो म्हणणारं होतं की नाही म्हणणारं, यावर हिवराळ्यांनी तीन सिग्नल विचार केला. करुणाचं माहेर फर्दापूरचं. लग्नाच्या वर्षी तिच्या तोंडून या सांडूचं कौतुक त्यांनी ऐकलं होतं: पर्यटकांपुढं तो कसा कमरेत वाकतो, जपानी बायका त्याला कसे रुमाल भेट देतात. इतकी वर्षं ते कौतुक कोपऱ्यात निपचित पडून होतं. आता ते उठून घरभर फिरायला लागलं. करुणा भाजी निवडताना गप्प बसली, की हिवराळ्यांना तिच्या डोळ्यांत लेणी दिसायची.

इंद्रजीत जाधवांचा सल्ला न मागता आला. ते जिन्यात गाठून म्हणाले, "साहेब, सरळ विचारू नका. बायका सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत. तुम्ही काही दिवस तुटक वागा. ती आपणहून बोलेल."

हिवराळे तुटक वागले. करुणानं त्यांना पोट बिघडलंय असं समजून ताक-भात दिला.

"मग उपासाचं करून बघा," जाधव म्हणाले. पण तो मार्ग हिवराळ्यांना झेपणारा नव्हता.

अशी काळजी आतून पोखरत असतानाच बाहेरून दुसरी चालून आली. ऑफिसात गेले, तर शिपाई त्यांना बघून दोन पावलं मागं सरला. बदली होऊन जालन्याला गेलेल्या एका सहकाऱ्याचा फोन आला, हिवराळ्यांनी "हॅलो" म्हटल्यावर तो गहिवरून म्हणाला, "तुम्ही त्यांचे भाऊ का? आवाज अगदी तसाच आहे." चौकशी करता कळलं, की श्रद्धांजलीचा फ्लेक्स औरंगपुऱ्यात उभा आहे आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय.

झालं असं होतं, की शूटिंगनंतर फ्लेक्स गुंडाळून गच्चीवर टाकलेला. जाधवांनी गच्ची साफ करताना चांगल्या मनानं तो एका सीताफळवाल्याला देऊन टाकला. त्यानं तो हातगाडीवर उन्हासाठी बांधला, आणि छापलेली बाजू बाहेर ठेवली.

हिवराळे तिथं पोचले, तर कोटातले हिवराळे सीताफळांच्या राशीवर सावली धरून प्रसन्न हसत होते.

"ये मेरा फोटो है," ते म्हणाले.

सीताफळवाल्यानं वर बघितलं, खाली बघितलं. "अरे साब, आप तो अच्छे-भले हो."

"हां. तो उतारो इसको."

"अभी धूप है साब. सीताफल काले पड जाते. शाम को देखते." मग जवळ येऊन समजुतीनं म्हणाला, "और सच बोलूं क्या, आपका चेहरा देखके गिराईक रुकता. बोलता, कितना शरीफ आदमी था. फिर दो किलो लेके जाता."

जिवंतपणी इतकी वर्षं नोकरी करून आपल्याला कुणी शरीफ म्हटलं नव्हतं. हिवराळे क्षणभर हलले. पण लगेच सावरून तावातावानं वॉर्डाच्या ऑफिसात तक्रार द्यायला गेले.

तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवर बोटं ठेवली. "अनधिकृत फलक. प्रकार?"

"श्रद्धांजली."

"मयताचं नाव?"

"धम्मपाल हिवराळे."

"अर्जदार?"

"धम्मपाल हिवराळे."

तिनं मान वर केली नाही. "अर्जदाराचं मयताशी नातं? पत्नी, मुलगा, मुलगी की इतर?"

"अहो, मयत मीच आहे."

"ते चालत नाही सर. मयताला अर्ज करता येत नाही. घरातलं कुणी पाठवा." मग त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिला दया आली. "'इतर' टाकू का?"

हिवराळे उठले. जिन्यावर त्यांना जाणवलं, की गेले काही दिवस आपल्याला नेमकं हेच वाटत होतं. घरात आपलं नातं काय? इतर.

ते कुढत घरी आले तेव्हा दुपार कलली होती. करुणा दारातल्या कुंडीला पाणी घालत होती. आता विचारायचंच, असं ठरवून त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात फाटकाशी काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून एक हेल उठला. असा, की सोसायटीतली कबुतरं एकदम उडाली.

ती चंपाबाई होती. हिवराळ्यांची आत्या, देवगाव रंगारीची. त्या पंचक्रोशीत कुणी गेलं, की चंपाबाईला निरोप जायचा, कारण शब्द घालून रडावं तर तिनंच. दुसऱ्या बायका नुसत्या रडतात. चंपाबाई गेलेल्या माणसाला ओव्यांत बांधून वेशीपर्यंत पोचवून यायची. कुणी तरी तिला मोबाइलवर भाच्याचा फ्लेक्स दाखवला होता.

"आत्या, अगं मी जिवंत आहे," हिवराळे धावत गेले.

चंपाबाईनं त्यांना बघितलं. डोळे विस्फारले. त्यांच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. आणि पुन्हा पदर डोळ्यांना लावून हेल धरला.

"आत्या, अगं—"

"गप रे धम्मा. दिसतंय मला. बरं झालं, लई बरं झालं," ती हुंदक्यातून म्हणाली. "पर उचललेलं रडणं मधी टाकून देत नसत्यात. टाकलं तर ते दुसऱ्याचं दार हुडकत जातं."

"ही अंधश्रद्धा आहे."

"आसंल. तू शिकल्याला हायेस, तू नको मानू. मी घाटापासून जुळवीत आलेय, ते आता पोटात ठिवून माघारी जाऊ व्हय? बस तिथं. आन खोकू नको."

तेव्हा कालकथित हिवराळे स्वतःच्याच हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसले. दारात सोसायटी गोळा झाली. तनुजा वरून धावत आली. चंपाबाईनं गुडघा उभा केला, त्यावर कपाळ टेकलं आणि गळा सोडला.

*भाऊरायाचा गं लेक, हापिसात मोठा साहेब*
*खुर्ची इचारीते बाई, माझा धनी कुठं गायब*

*उंचपुरा माझा धम्मा, दारामंधी वाकून येई*
*आता चौकटीला बाई, माथा कुणाचा लागत नाई*

हिवराळे मोठे साहेब नव्हते, आणि चौकटीला माथा लागायला त्यांना स्टुलावर उभं राहावं लागलं असतं. पण गळा असा होता, की हातातलं काम गळून पडावं. जाधव रुमालात तोंड खुपसून रडत होते. खुद्द हिवराळ्यांना त्या उंचपुऱ्या साहेबाची आठवण येऊन भडभडून आलं. फक्त करुणा कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती. सिनेमात बसली होती तशीच.

चंपाबाई थांबली, नाक पुसलं आणि म्हणाली, "करुणे, आता तुही पाळी. आत्यानं उचलायचं आन बायकोनं ठिवायचं. त्याबिगर ते सरत नाय."

"आत्या, मला नाही येत."

"येत कसं नाय. फर्दापूरला तुही आजी जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणायची, मी ऐकल्यात. तिच्या मांडीवर वाढलीस तू. घाल."

सगळ्यांच्या माना करुणाकडं वळल्या. हिवराळ्यांना वाटलं, आता. आता ती कुणाचं नाव घेते ते कळेल. आणि त्याच वेळी वाटलं, नको कळायला. उठून दार लावावं, सगळ्यांना घरी पाठवावं, हा प्रश्न असाच राहू द्यावा. पण पाय उचलले नाहीत.

करुणानं जमिनीकडं बघत, बारीक आवाजात, जात्याला पहिला घास घालावा तशी सुरुवात केली.

*माझ्या गं माघारी, ह्यांना कोण देईल चहा*
*साखरेच्या डब्यापायी, डबे हुडकतील दहा*

दारातलं कुणी तरी हसलं आणि गप्प झालं.

*नळाला आलं पाणी, वाहून वाहून गेलं*
*'उठा' म्हणायाला ह्यांना, घरात कोण ऱ्हायलं*

तिचा आवाज तिथंच चिरला. पुढं तिला म्हणता येईना. तिनं पदर तोंडाशी धरला आणि खांदे हलू लागले.

"हे उलटं झालं की गं," चंपाबाई हळूच म्हणाली. "म्येला तो, आन तू सोताला रडायलीस."

"काकू," तनुजानं विचारलं, "म्हणजे सिनेमात ती बाई…"

"बाई कुठली," करुणा डोळे पुसत म्हणाली. "हेच होते ते. तू म्हणालीस ना, मागं राहिलेलं माणूस कसं वागंल ते करून दाखवा. मी मागं राहिले तर रडीन, चार दिवसांनी उठीन, पाणी भरीन. त्यात काय दाखवायचं? ह्यांचं काय होईल, ते मला रोज दिसतं. ह्यांना टॉवेल कुठंय ते माहीत नाही, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते माहीत नाही. सिनेमाभर मी हेच होऊन बसले." मग हिवराळ्यांकडं न बघता म्हणाली, "फोटोकडं कशी बघणार मी? फोटोत तर माझं माणूस हसत होतं."

जाधवांनीसुद्धा सल्ला दिला नाही. हिवराळ्यांच्या डोक्यातून फर्दापूर, लेणी, जपानी रुमाल, सगळं एकदम उठून निघून गेलं आणि तिथं नुसती पोकळी राहिली. त्या पोकळीत ते स्वतः उंबऱ्यात बसले होते, आणि पाणी पायांपर्यंत आलं होतं. एवढे दिवस ते स्वतःच्या मरणाच्या मागं धावत होते. तिचं मरण त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

ते उठले. "आत्या दमून आलीय. मी चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले.

हॉलमध्ये सगळे तसेच बसून राहिले. आतून काडी ओढल्याचा आवाज आला. मग एक झाकण उघडल्याचा. मग दुसरं. एक डबा खाली पडला, बहुतेक डाळीचा. तनुजा उठायला लागली. चंपाबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं. आणखी एक झाकण. मग काहीच नाही.

"करुणा," आतून हाक आली.

सगळ्यांना वाटलं, आता साखर विचारतील. पण हाक तेवढीच होती. पुढं काही नाही. जसं अंधारात कुणी हात पुढं करून बघावं.

"आहे मी," करुणा म्हणाली.